पातळावरची रेघ

आमच्या घरात कुणी कुणाला तब्येत विचारत नसे. मागाचा आवाज ऐकायचा, की कळायचं. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीत आमच्या गल्लीत तेव्हा दोन-तीनच हातमाग उरले होते, त्यातला एक आमचा. घराच्या मागच्या खोलीत, जमिनीत खड्डा करून बसवलेला. बाबा त्या खड्ड्यात पाय सोडून बसत. एका हाताने दोरी ओढली, की धोटा उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे पळायचा, आणि दुसऱ्या हाताने फणी ठोकली, की आडवा धागा जागेवर बसायचा. आधी खट, मग ठक. बाबांना ताप असला, की ठक जरा उशिरा यायची. आईशी भांडण झालेलं असलं, तर इतकी जोरात यायची की फळीवरची भांडी वाजायची. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मला समजे, आज घरात चपला आपटत जायचं की गुपचूप.

माग बाबांचा, आणि चरखा आईचा. धोट्याच्या पोटात एक छोटी कांडी बसते, तिच्यावर आडव्या धाग्याचं सूत गुंडाळलेलं असतं. ती कांडी संपली की बाबा टोपलीत टाकत. आई ती उचलून चरख्यावर पुन्हा भरी आणि टोपलीत ठेवी. दिवसभर हेच. रिकामी कांडी येते, भरलेली जाते. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघं एकमेकांशी जे काही बोलले असतील, त्याच्या कितीतरी पट त्या कांड्यांनी ये-जा केली असेल. आई मागावर मात्र कधी बसली नाही. बसायचं नाही असा काही नियम नव्हता, पण बाबा मागावरून उठतील तेव्हा ना!

आम्ही दोन भावंडं. मी थोरली, करडी गावाकडच्या एका शाळेत शिकवते. लग्न झालं नाही. म्हणजे केलं नाही, पण तो विषय काढला की आमच्याकडे वरण करपतं, म्हणून तो इथेही नको. धाकटा भाऊ नागपूरला मोबाइलच्या दुकानात कामाला. मागाकडे त्याने पाठ फिरवली ती बारावी झाल्या झाल्या. बाबा त्याला बोलले नाहीत, पण त्या महिन्यात फळीवरची भांडी बरीच वाजली.

पहिल्यांदा सगळं बंद झालं, तेव्हा धाकटा मोटरसायकलवर आडवाटेने घरी आला. आम्ही चौघं असे सलग कित्येक वर्षांत एकत्र राहिलो नव्हतो. खरं सांगायचं, तर ते काही गोडीगुलाबीचे दिवस नव्हते. धाकट्याला सकाळी उठायचं नसे, मला कुणी झोपलेलं सहन होत नसे, आणि आईला स्वयंपाकघरात दुसरी बाई चालत नसे. दुपारी पत्ते खेळायचो. बाबा हरले की पत्ते खाली टाकून म्हणत, "तुमी दोघंही मिलून हाय." मग उठून मागावर जात. धाकटा ओरडे, "बाबा, लाकडाऊन हाय, बसा ना घरी!" आमच्याकडे बहुतेक सगळे लाकडाऊनच म्हणत. बाबांचं उत्तर ठरलेलं असे. "माग लाकडाचाच हाय बापा. त्याले कायचा लाकडाऊन?" हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला की शेवटी आई त्यांच्या आधीच पूर्ण करून टाकी.

त्याच घरबसल्या दिवसांत धाकट्याचं लग्न फोनवर ठरलं. मुलगी तुमसरची. आमच्या घरची रीत अशी, की सून येते ती घरच्या मागावरच्या पातळात. आई आजोबांनी विणलेल्या पातळात आली होती; ते अजून पेटीत आहे, घड्यांवर विरलेलं. पुढे थंडी सरता सरता बाबांनी व्यापाऱ्याचं काम बाजूला ठेवलं आणि सुनेच्या पातळाचा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवला. हिरवं अंग, लाल काठ. लग्न दोनदा पुढे गेलं. बाबांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. घाई नाही म्हणताना ते असे विणायला लागले, की वीतभर कापडाला आधी लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागे. मला ते खुशीत दिसत होते. मुलगा मागावर बसला नाही, पण त्याच्या बायकोच्या अंगावर हा माग जाणार होता, त्यातच ते भरून पावत होते.

दुसरी लाट आली ती उन्हाबरोबर. धाकट्याचं दुकान मधल्या काळात सुरू झालं होतं. तो नागपूरहून परत आला तो अंग दुखतंय म्हणत. ऊन लागलं असेल म्हणून आईने कैरीचं पन्हं दिलं, आणि बाबांनी त्याच्या डोक्यावर कांद्याचा रस चोळला. दोन्ही हातांनी, बराच वेळ. तपासणीत तो पॉझिटिव्ह निघाला. त्याला समोरच्या खोलीत ठेवलं. तिथे तो भिंतीकडे तोंड करून पडून राही, आणि आत कुणी खोकलं की हाक मारी, "कोण होय? कोण खोकलून राहिलं?"

बाबा खोकायचे. ते नेहमीच खोकायचे. जन्मभर सुताची धूळ छातीत गेलेली. मागाच्या आवाजात त्यांचा खोकला आम्हाला वेगळा ऐकूही येत नसे. पण आता धाकटा प्रत्येक खोकल्याला उठून बसू लागला. एकदा दारातून त्याचं रडणं ऐकू आलं. "माया पायी होईन सगळ्यायले," असं तो स्वतःशीच म्हणत होता. बाबा तेव्हा अंगणात हात धूत होते. ते तसेच थांबले, मग नळ बंद करून आत गेले. त्याच संध्याकाळी त्यांनी आपली वळकटी मागाच्या खोलीत नेली. म्हणाले, "खबरदारी घेतलेली बरी. मी तेथंच निजीन, तेथंच जेवीन. खिडकीतून देत जा." आणि आतून कडी लावली.

त्या खोलीला अंगणात उघडणारी एक छोटी खिडकी आहे. तिथे आई सकाळी चहा, दुपारी पेज किंवा वरणभात, आणि त्याबरोबर भरलेल्या कांड्या ठेवी. हात बाहेर येई आणि आत जाई. मी खिडकीशी जाऊन विचारी, "बाबा, कसं वाटते?"

"माग आयकू येते ना?"

"हो."

"मंग?"

एवढंच बोलत. आणि माग खरोखरच चालू असे. सकाळी चालू, दुपारी चालू, मध्ये थांबे, पुन्हा चालू. आदल्या वर्षी मी गावोगाव घरं पालथी घालून लोकांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला होता, सरकारी कामच होतं ते. नंतर ते सामान जमा करून घेतलं. या खेपेला तो चिमटा मोहाडीत मिळेना, तुमसरला मिळेना; भंडाऱ्याला एकाने आणून देतो म्हटलं आणि फोन उचलणं बंद केलं. पण मला फारशी काळजी वाटली नाही. दम लागलेल्या माणसाला माग चालवता येतो का? हात, पाय, छाती, सगळं लागतं त्याला. मी धाकट्याला दाराबाहेरून सांगत असे, "ऐक, माग चालू हाय." तो म्हणे, "हो, आयकून राहिलो." आणि कूस बदलून झोपी जाई. तो त्या आवाजावरच बरा झाला, असं मला आजही वाटतं.

बाहेर काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या पलीकडच्या गल्लीतले एक काका आपल्या पायांनी चालत गाडीत जाऊन बसले होते, आम्हाला हातही केला होता त्यांनी. घरी परत आली ती त्यांची पिशवी. तिच्यात चष्मा होता आणि चपला होत्या. त्यांच्या बायकोने त्या चपला दाराशी ठेवल्या, नेहमी असायच्या तिथेच. बाबांनी हे सगळं खिडकीतून ऐकलं होतं.

घरात दोन आवाज असत. मागच्या खोलीत माग, आणि ओसरीवर आईचा चरखा, तो बारीक घरघर करणारा. मी मधल्या खोलीत शाळेचे व्हिडिओ पाठवत बसलेली असे आणि मला वाटे, चला, आपलं घर तरी चालू आहे.

एका दुपारी माग थांबला. ऊन असं होतं की अंगणात पाय ठेववत नव्हता. धाकटा आतून म्हणाला, "जेवाले बसले असन." पण जेवण अजून खिडकीत गेलंच नव्हतं. आईचा चरखा फिरतच होता. मग तोही थांबला. आई उठली, मागाच्या खोलीच्या दाराशी गेली आणि हाक न मारता तिने खांद्याने दार ढकललं. जुन्या दाराची कडी एकाच धक्क्यात निघाली. आई तोंडाला काही न बांधताच आत शिरली. मी ओरडले, "आई, थांब!" ती थांबली नाही.

बाबा खड्ड्यात पाय सोडून बसले होते. छाती कापड गुंडाळायच्या पुढच्या रुळावर टेकलेली, गाल सुनेच्या पातळावर. दोरी हातात होती. आईने ती त्यांच्या बोटांतून सोडवली आणि खुंटीला अडकवली, ते रोज उठताना अडकवत तशी. मग खाली बसून त्यांचे पाय धरले.

चार माणसं मिळताना मारामार झाली. धाकटा नुकता उठलेला, त्याला खांदा देताना तोल जात होता. लांबून, तोंडाला रुमाल बांधून, जे कोणी चौकशी करत त्यांना तो एकच सांगे, "शेवटच्या घडीपर्यंत माग चालवला बाबानं. बसल्या बसल्या गेले. हार्ट होय." तपासणी झालेली नव्हती, त्यामुळे हार्टच म्हणायचं ठरलं. तो ते म्हणताना त्याची मान जरा ताठ होई. मलाही त्या वेळी त्यातच आधार वाटला. रडले, पण मनात कुठेतरी होतं, की त्रास नाही झाला, काम करता करता गेले.

तेरवीपर्यंत त्या खोलीत कुणी गेलं नाही. तेरवी आटोपून धाकटा नागपूरला गेला, आणि मी झाडू घेऊन मागाच्या खोलीत शिरले. कोपऱ्यात टोपली होती, तिच्यावर बाबांचा टॉवेल. टॉवेल उचलला तर खाली कांड्या. भरलेल्या, हिरव्या सुताच्या, एकावर एक, काठोकाठ. त्यांना हातही लागलेला नव्हता. मी मागावरचा धोटा उचलून पाहिला. त्याच्या पोटात कांडी होती ती मोकळी, नुसतं लाकूड. तिच्यावर धूळ बसलेली होती.

मी विणकराची मुलगी आहे. मला समजायला वेळ लागला नाही. तरी मी तिथे उभी राहून दुसरं काहीतरी कारण शोधत राहिले. मग टोपली उचलून ओसरीवर आईपुढे नेऊन आपटली.

"हे काय होय?"

आईने टोपलीकडे पाहिलंही नाही. "मले त पहिल्याच दिवशी समजलं," ती म्हणाली. "भरलेली कांडी जाये, पन रिकामी वापस नाई ये."

"बाबा नुसतं ठोकत होते?"

"जेवढा दम राहे तेवढं ठोके. मंग निजे. मंग उठून आखीन ठोके."

"आन तू चरखा फिरवत होती ना? घरातल्या कांड्या त या टोपलीत हाय. तू काय भरत होती?"

"काई नाई. नुसताच फिरवत होती."

"काहून?"

"माया चरखा बंद झाला असता, त त्यायले समजलं असतं का मले समजलं मनून." तिने पदराने टोपलीवरची धूळ झटकली. "मंग त्यायचा हात तेथंच बसला असता वं."

मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आपण त्यांना नेलं असतं, म्हणाले. आई म्हणाली, कोठी? मी म्हणाले, भंडाऱ्याला, नागपूरला, कुठेही. ती म्हणाली, "पलीकडच्या काकाची पिशवी आली, त्या दिवशी त्यायनं मले खिडकीतून हात जोडले होते, का काईही झालं तरी मले कोठी नेऊ नोका. मी लगनात पाहिले होते त्यायचे हात जोडलेले, मंग थेट तेथं." मी विचारलं, हे सगळं कशासाठी? तेव्हा तिने समोरच्या खोलीकडे मान केली. खोली रिकामी होती, पण मला कळलं. पोराच्या मनाला लागू नये म्हणून. बाप आपल्यामुळे गेला, असं त्याला जन्मभर वाटू नये म्हणून.

"आन माया मनाचं?" मी विचारलं.

"तू समजदार होस," आई म्हणाली.

या शब्दाचा मला लहानपणापासून राग आहे. मोठा घास धाकट्याला, कारण मी समजदार. नवी सायकल त्याला, कारण मी समजदार. आणि आता हेही माझ्याच वाट्याला, पोटात ठेवायला. एक माणूस भिंतीपलीकडे श्वासाला महाग झालेला, दुसरं माणूस अलीकडे ते ऐकत रिकामा चरखा फिरवणारं, आणि मी मध्ये बसून दोन्ही आवाजांवर खुश! मी कितीतरी दिवस आईशी धड बोलले नाही. एका घरात, एका चुलीवर, समोरासमोर बसून जेवलो आम्ही, आणि मी तिला मीठ दे एवढंही म्हटलं नाही. उठून स्वतः घ्यायची.  मला तिचा राग येत होता आणि तिची दयाही येत होती, आणि दया आली म्हणून पुन्हा राग येत होता.

मग एक दिवस शाळेचं काम करत असताना मागच्या खोलीतून खट असा आवाज आला. बऱ्याच वेळाने ठक. मी धावत गेले. आई खड्ड्यात पाय सोडून बसली होती. तिचे पाय खालच्या, पायाने दाबायच्या पावड्यांना नीट पुरत नव्हते, ती पुढे सरकून अगदी काठावर आली होती.

"पातळ पुरं कराले पायजे," ती म्हणाली. "तो येईन त पायीन. बाबानं इतके दिवस माग चालवला, आन कापड वाढलंच नाई, हे त्याले दिसन."

मी वाकून पाहिलं. बाबांचं कापड जिथे थांबलं होतं, तिथे आडवी एक रेघ होती. गडद, दोऱ्यासारखी टणक. मी बोट फिरवलं आणि मला ते समजलं. धोटा रिकामा, म्हणजे नवा धागा पडत नाही, आणि फणी येऊन शेवटच्याच धाग्यांवर आदळत राहते. ते सगळे दिवस, ती सगळी ठकठक, जिच्या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो, ती तिथे त्या एका रेघेत ठोकून बसवलेली होती.

"हे धागे काढून टाक," मी म्हणाले. "दिसते ना."

"राहू दे," आई म्हणाली. "थेही त्यायचंच काम होय."

तिने टोपलीतली कांडी घेतली, धोट्यात बसवली आणि दोरी ओढली. हात सवयीचा नव्हता. ठोक हलकी पडे, धागे सैल बसत. मी पाहत उभी राहिले आणि मग खाली बसून रिकाम्या झालेल्या कांड्या उचलायला लागले. चरखा मला चालवता येतो. त्या दिवशी आम्ही पुन्हा बोलायला लागलो. बोललो ते एवढंच, की सूत पुरेल का.

लग्न पुढे मोजक्या माणसांत झालं. आदल्या दिवशी सकाळी ओसरीवर कपडे मांडले होते. धाकट्याने पातळ उचललं, उलगडलं, बायकांसारखं हातावर घेऊन उन्हात धरलं. "बाबाच्या हातचं," असं काहीतरी पुटपुटला. मग त्याचं बोट थांबलं.

"आई, हे रेघ कायची होय?"

 आई सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"थे का?" ती म्हणाली. "तेथं तुया बाबानं दम खाल्ला होता."

धाकट्याने रेघेवर नख फिरवलं. मग रेघेच्या अलीकडचं कापड दोन बोटांत धरून चोळलं, ते घट्ट. मग पलीकडचं. चोळत चोळत तो पार शेवटपर्यंत गेला, एकेक वीत करत, आणि ते सगळं सैल होतं. किती झालं तरी तोही विणकराच्याच घरचा. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सुपाकडे पाहायला लागले.

"मंग बहुत लंबा दम खाल्ला बाबानं," तो म्हणाला.

 त्याने पातळाची घडी घातली, रेघ आतल्या बाजूला घेऊन, आणि ती हळदी-कुंकवाच्या ताटाशेजारी ठेवली.